आडवी रेघ कुठे द्यावी : कोर्ट नाक्याजवळच्या एका टंकलेखन केंद्राविषयी

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर टंकलेखनाच्या दुकानांची वाण नाही. जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय हाकेच्या अंतरावर असल्यामुळे प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, भाडेकरार असे रोजचे कागद उभ्याउभ्या टाइप करून देणारे तिथे पावलोपावली भेटतात, आणि त्या कामाला ते चांगलेही आहेत. साक्षीपुराव्याचे काम मात्र निराळे असते. त्यात मजकूर आपला नसतो, साक्षीदाराचा असतो, आणि टंकलेखकाने केलेली बारीकशी ‘सुधारणा’ही पुराव्यात केलेला फेरफार ठरू शकते. मी दिवाणी बाजूची वकिली करते. गेल्या दीड वर्षात अशा कामासाठी नाक्याच्या मागच्या गल्लीतील दोन खोल्यांच्या एका केंद्राकडे मी तीन मोठी कामे दिली : एका वाटपाच्या दाव्यातील जबान्यांचे पुनर्टंकन, त्याच जबान्यांच्या मी केलेल्या इंग्रजी भाषांतराचे टंकन, आणि वाशीतील एका सोसायटीच्या पुनर्विकासाच्या लवादातील ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. माझे मत मात्र आधीच सांगते : मराठी कामासाठी मी त्यांच्याकडे डोळे मिटून जाईन, इंग्रजी कामासाठी डोळे उघडे ठेवून.

हे मत बनले ते बव्हंशी एका चिन्हावरून, ते म्हणजे संयोगचिन्ह, दोन शब्दांमधली आखूड आडवी रेघ. शाळेत विरामचिन्हांच्या धड्यात ती शेवटी येते आणि मास्तर तिथवर पोहोचेपर्यंत तास संपतो. न्यायालयीन कागदात मात्र तिने घातलेला गोंधळ निस्तरायला कधीकधी वेगळा अर्ज करावा लागतो.

वाटपाच्या दाव्याचे उदाहरण देते. राज्य सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनंतर जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. त्यामुळे ठाण्यात मराठीत झालेली जबानी अपिलाच्या वेळी इंग्रजी वेष घालून मुंबईला जाते, आणि त्याआधी मूळ मराठी नक्कल वाचता येईल अशी पुन्हा टाइप करून घ्यावी लागते. आमच्या नकलेत एका वयस्क शेतकऱ्याच्या उलटतपासात लागोपाठ दोन वाक्ये होती : ‘चुलता गावातच राहायचा. त्या वेळी भाऊ बहिणीची जमीन कसत होता.’ आधी ज्या दुसऱ्या दुकानात मी हे काम दिले होते, तिथल्या टंकलेखकाने सद्भावनेने ‘भाऊ-बहिणीची’ असे करून टाकले होते. वरवर पाहता त्याचे काही चुकले नव्हते, कारण भाऊ-बहीण हा द्वंद्व समास आहे आणि तो कित्येक जण मध्ये रेघ देऊनच लिहितात.

पण मराठीत द्वंद्व समासाला विभक्ती लागते ती शेवटच्या पदाला. पहिले पद जसेच्या तसे राहते. म्हणून ‘भाऊ-बहिणीची जमीन’ म्हणजे भावाची आणि बहिणीची, दोघांची मिळून जमीन. रेघ काढून दोन शब्द सुटे केले, की सुट्या ‘भाऊ’ला संबंध दाखवण्याची सोयच उरत नाही, कारण तसे म्हणायचे असते तर ‘भावाची’ असे रूप झाले असते. मग ‘भाऊ’ हा वाक्याचा कर्ता होतो आणि अर्थ निघतो : भाऊ हा बहिणीची जमीन कसत होता. रेघ दिली की वाक्याला कर्ता राहत नाही, आणि वाचणारा साहजिकच मागच्या वाक्यातला चुलता उचलून इथे आणून बसवतो. आता आमच्या दाव्यात चुलत्याच्या वारसांचे म्हणणे होते की बारा वर्षांहून अधिक काळ जमीन त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे त्यांना प्रतिकूल कब्जाने मालकी मिळाली आहे. रेघ असली तर साक्षीदार त्यांच्या बाजूने बोलतो आणि नसली तर आमच्या. एवढा सगळा भार त्या रेघेवर होता, आणि ती देणाऱ्याला दावा काय आहे हेही ठाऊक नव्हते. माझ्या ते लक्षात आले कागद दाखल करण्याच्या आदल्या रात्री, आणि तेही भाषांतर करताना इंग्रजी वाक्याला कर्ता सापडेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी ते बाड घेऊन या केंद्रात गेले. केंद्र चालवणाऱ्या बाई पूर्वी लघुलेखिका होत्या आणि हाताखाली तीन मुली आहेत. बाड चार दिवसांनी परत आले तेव्हा सोबत एक पिवळा कागद होता. त्यावर पान, ओळ, ‘नकलेत काय दिसते’ आणि ‘शंका’ असे चार रकाने आखलेले होते आणि त्यात चौदा नोंदी होत्या. सातवी नोंद याच वाक्याची होती. शंकेच्या रकान्यात लिहिले होते : ‘जोडून की सुटे? नकलेत सुटे आहे, तसेच ठेवले.’ मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, “वकीलबाई, नकलेत जे आहे ते आम्ही जोडतही नाही आणि तोडतही नाही. तुम्हीच सांगा कोण कसत होता ते.” हे वाक्य मला या परीक्षणापुरते पुरेसे होते, पण पुढे आणखी बरेच पाहायला मिळाले.

इथे दोन कामांतील फरक समजून घ्यावा लागतो, आणि हे केंद्र तो जाणते. सही-शिक्क्याच्या नकलेवरून पुनर्टंकन करताना रेघ देण्याचा किंवा काढण्याचा अधिकार कोणालाही नाही; नकलेत अशुद्ध असेल तर अशुद्धच उतरवायचे. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना मात्र निर्णय घ्यावाच लागतो, कारण साक्षीदार रेघ बोलत नाही. तो बोलतो ती लय आणि घेतो तो श्वास. फौजदारी खटल्यात साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि गरज पडल्यास दुरुस्त करायची, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ मध्येही आहे. पण वाचून दाखवताना रेघ कानाला लागत नाही. लागतो तो तिच्याजागी असलेला किंवा नसलेला ठहराव. ‘भाऊ’ म्हणून क्षणभर थांबून ‘बहिणीची जमीन’ म्हटले तर शब्द सुटे आणि एका दमात ‘भाऊबहिणीची’ म्हटले तर जोडलेले. केंद्रातील मुली शंकास्पद वाक्य एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवतात. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला हा प्रकार जरा नाटकी वाटतो खरा, पण याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

अशी वाक्ये विरळा असतात असे कोणी समजू नये. घरगुती तंट्यांच्या कागदांत ती पानोपानी भेटतात. ‘सासू सुनेचे दागिने घेऊन गेली’ आणि ‘सासू-सुनेचे दागिने घेऊन गेली’ यांत स्त्रीधन कोणाचे आणि नेले कोणी, ही दोन्ही उत्तरे बदलतात. ‘पती पत्नीच्या नावावर घर घेणार होता’ या वाक्यात रेघ घुसली की मालक एकाचे दोन होतात. ‘साक्षीदार पंच हजर होता’ इथे माणूस एक आहे, तर ‘साक्षीदार, पंच हजर होते’ इथे दोन. आणि क्रियापदाचे वचन पुसट असलेल्या जुन्या नकलेत त्यांचा निवाडा करायला पंचनाम्यावरच्या सह्याच मोजाव्या लागतात.

‘सह’ हा शब्द तर मराठी न्यायालयीन कागदांतला सर्वांत खोडकर शब्द मानला पाहिजे. तो शब्दाच्या आधी लागतो तेव्हा उपसर्गासारखा वागतो, जसे सहआरोपी, सहखातेदार, सहहिस्सेदार. शब्दाच्या मागे लागतो तेव्हा शब्दयोगी अव्यय असतो, जसे पत्नीसह, कागदपत्रांसह. आणि दोन कलमांच्या मध्ये एकटा उभा राहतो तेव्हा ‘सोबत वाचता’ एवढाच त्याचा अर्थ असतो, जसे जुन्या दंडसंहितेतले ‘कलम ३०२ सह ३४’. आता ‘पत्नी सह आरोपी पळून गेले’ असे दोन्हीकडे जागा सोडून टाइप केलेले वाक्य पाहा. ‘पत्नीसह आरोपी’ म्हटले तर पत्नी आरोपी असेलच असे नाही, ती केवळ सोबत होती. ‘पत्नी, सहआरोपी’ म्हटले तर ती आरोपींच्या यादीत जाऊन बसते. जामिनाच्या अर्जात हा फरक किती महत्त्वाचा ठरतो हे वेगळे सांगायला नको. मराठी लेखनाचा नियम इथे स्वच्छ आहे : उपसर्गही जोडून लिहायचा आणि शब्दयोगी अव्ययही जोडून लिहायचे. मधे रेघेला जागा नाही आणि मोकळ्या जागेलाही नाही. हे केंद्र तो नियम काटेकोर पाळते. सहआरोपी, उपविभागीय, गैरअर्जदार, गैरहजर, बिगरशेती, नाहरकत हे सगळे त्यांच्याकडून एकसंध येते. उलटतपास, सरतपास, फेरतपास हेही तसेच. पदनामांच्या बाबतीत मात्र ते फलकावर किंवा शिक्क्यावर जसे असेल तसे ठेवतात, म्हणून ‘सह दुय्यम निबंधक’ हे सुटेच राहते, आणि ते योग्यच आहे. अधिकाऱ्याचे पद आपण व्याकरण शिकवून बदलायचे नसते.

माझा एक मतभेद नोंदवते. ‘ना-हरकत’ मध्ये रेघ द्यावी असे मला वाटते, कारण ‘नाहरकत’ हा शब्द डोळ्याला नाहक अडखळवतो आणि घाईत वाचणारा त्यात भलतेच क्रियापद शोधू लागतो. बाईंना ते मान्य नाही. आम्ही त्यावर चहा संपेपर्यंत वाद घातला आणि शेवटी असे ठरले, की संपूर्ण खंडात एकच रूप राहावे, मग ते कोणतेही असो. त्यांनी ‘नाहरकत’ ठेवले आणि मी गप्प बसले.

आकड्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि इथे केंद्राने माझेच एक अज्ञान दूर केले. बोलण्यात ‘दोन-तीन वार’, ‘दहा-बारा माणसे’, ‘पाच-सात मिनिटे’ अशी जोडी येते ती अंदाज सांगण्यासाठी. ती अक्षरांत लिहून मधे रेघ दिली की अंदाज हा अर्थ शाबूत राहतो. तीच अंकांत उतरवली की रेघेचा अर्थ पालटतो : ‘१०-१२’ म्हणजे अंदाजे दहा ते बारा, की दहा डिसेंबर, की दहा वाजून बारा मिनिटे, की सातबाऱ्यावरचा हिस्सा, हे संदर्भ शोधल्याशिवाय कळत नाही. ‘दोन, तीन’ असा स्वल्पविराम दिला तर साक्षीदार मोजत होता असे वाटते आणि ‘दोन ते तीन’ केले तर त्याच्या तोंडी आपला शब्द घातल्यासारखे होते. म्हणून या केंद्राचा नियम असा, की अंदाजाची जोडी अक्षरांतच लिहायची आणि रेघेसह लिहायची. नेमका आकडा असेल तर अंकांत लिहायचा. मी आजवर सगळेच अंकांत करून घेत होते, कारण ते पानावर सुटसुटीत दिसते. हल्ली करत नाही.

कलमांच्या आकड्यांत ही रेघ विशेष घातक ठरते. जुन्या दंडसंहितेच्या बेकायदेशीर जमावाच्या प्रकरणांत ‘१४३, १४७, १४८, १४९’ अशी कलमे एकत्र येत. एका नकलेत कोणीतरी कागद वाचवण्यासाठी त्याचे ‘१४३-१४९’ करून ठेवले होते. वाचणाऱ्याने ते १४३ पासून १४९ पर्यंत सलग घ्यायचे, की फक्त ती दोन कलमे घ्यायची? सलग घेतले तर १४४, १४५ आणि १४६ हीही आपोआप आत येतात आणि आरोप कागदावरच वाढतो. केंद्राच्या पिवळ्या कागदावर ही शंका लाल शाईत आली होती. तिथे मात्र रेघ तशीच ठेवून मला तळटीप लिहावी लागली, कारण मूळ नक्कल आमची नव्हती आणि दुरुस्तीचा मार्ग वेगळा होता.

आता इंग्रजीकडे येते, आणि इथे माझा सूर थोडा बदलतो. इंग्रजी कामासाठी केंद्रात एक तरुण मुलगी आहे. तिचा वेग उत्तम आहे आणि स्पेलिंग पक्के आहे, पण रेघेच्या बाबतीत ती संगणकावर विसंबते. संगणकाचा शब्दतपासनीस अमेरिकी इंग्रजीवर लावलेला होता, ही त्यातली पहिली अडचण. आपल्या कायद्यांच्या इंग्रजीला स्वतःची वहिवाट आहे आणि ती जुनी आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३७ मध्ये एक्झामिनेशन-इन-चीफ, क्रॉस-एक्झामिनेशन आणि री-एक्झामिनेशन हे तिन्ही शब्द रेघेसह छापलेले आहेत आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४२ मध्येही ती रेघ टिकली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत डिक्री-होल्डर आणि जजमेंट-डेटर हे रेघेनेच येतात. राज्यघटनेत व्हाइस-प्रेसिडेंट, अ‍ॅटर्नी-जनरल आणि ऑडिटर-जनरल या पदांत रेघ आहे. शब्दतपासनीस यांतल्या काहींखाली लाल रेषा ओढतो आणि ती मुलगी आज्ञाधारकपणे रेघ पुसून टाकते. एकाच जबानीत पहिल्या पानावर क्रॉस-एक्झामिनेशन जोडलेले आणि अकराव्या पानावर सुटे, असा प्रकार मला पहिल्या खंडात सापडला.

सोसायटीच्या नावाबाबत तर तिने माझा अर्धा दिवस खाल्ला. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा. त्याच्या इंग्रजी नावात को-ऑपरेटिव्ह हा शब्द रेघेसह आहे, आणि वाशीच्या त्या सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरही तो तसाच होता. शब्दांकनात सर्वत्र रेघ गळाली. अर्थाला काही धोका नव्हता, पण लवादापुढे पडद्यावर शोध घेताना रेघेसह नाव टाइप केले की एकही पान सापडेना, आणि समोरच्या पक्षाचे वकील घड्याळाकडे पाहू लागले. नोंदलेले नाव प्रमाणपत्रावर जसे आहे तसे, मग आपले व्याकरण काहीही म्हणो, हा नियम तिने त्यानंतर भिंतीवर चिकटवून ठेवला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

इंग्रजीत रेघ कधी द्यायची याचे उत्तर मुळात मराठीइतके सरळ नाही, त्यामुळे सगळा दोष त्या मुलीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. मराठीत समास झाला की शब्द जुळतात. इंग्रजीत जोडशब्द तीन अवस्थांत राहतो : सुटा, रेघेने जोडलेला आणि एकजीव झालेला, आणि कोणता शब्द आज कोणत्या अवस्थेत आहे हे कोश उघडल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्याच पाहा : ‘मोटर सायकल’ हे नाम तिथे दोन सुट्या शब्दांत आहे, पण त्याच वाक्यात ‘टू-व्हील्ड’ हे विशेषण रेघेने जोडलेले आहे. यामागचे तत्त्व असे, की दोन शब्द मिळून पुढच्या नामाचे एकच विशेषण होत असतील तर रेघ द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला कोण कोणाला चिकटले आहे हे कळते. तेच शब्द नामानंतर आले तर बहुधा रेघ लागत नाही. आणि पहिला शब्द ‘न्यूली’सारखे ‘ली’ने संपणारे क्रियाविशेषण असेल तर रेघ मुळीच देऊ नये, कारण ते पुढच्या शब्दालाच लागणार हे उघड असते. अपघाताच्या दाव्यात ‘तीन वर्षांची मुले’ याचे ‘थ्री इयर ओल्ड चिल्ड्रन’ असे इंग्रजी करताना ही रेघ चुकली की वय आणि संख्या यांची अदलाबदल होते : रेघा दोन्ही जागी असतील तर मुलांचे वय तीन, आणि फक्त दुसऱ्या जागी असेल तर प्रत्येकी एका वर्षाची तीन मुले. नुकसानभरपाईचा हिशेब वयावर चालतो, त्यामुळे ही चूक केवळ दिसण्याची राहत नाही.

‘री’ या उपसर्गाची चूक मात्र मी तिला माफ करायला तयार नाही, कारण ती मी आधी लिहून दिली होती. पंचाने पंचनाम्यावर पुन्हा सही केली, या वाक्याच्या भाषांतरात मी री-साइन्ड असे रेघेसह लिहिले होते. रेघ काढली की रोमन अक्षरे तीच राहून शब्द रिझाइन्ड होतो, म्हणजे पंचाने राजीनामा दिला. टाइप होऊन आलेल्या प्रतीत पंचाने खरोखरच राजीनामा दिला होता. रिकव्हर्ड या शब्दाचेही असेच आहे : हत्यार हस्तगत केले, की त्यावर पुन्हा आवरण घातले, हे रेघ ठरवते. को-अ‍ॅक्यूज्ड, एक्स-हजबंड, सब-रजिस्ट्रार यांतली रेघ गळाली तर डोळ्याला खटकते, अर्थ मात्र फारसा बिघडत नाही. पण ज्या शब्दाला रेघेशिवाय दुसरा जिवंत अर्थ आहे, तिथे ती गाळणे म्हणजे साक्ष बदलणे होय.

यंत्राच्या दोन तक्रारी राहिल्या, त्या लवकर उरकते. पहिली अशी, की ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर संगणक तो आपोआप तोडून रेघ टाकतो आणि पुढे मजकूर सरकला की ती रेघ ओळीच्या मध्यावर तशीच उरते. मग ‘दोषारोप-पत्र’ ही मूळची रेघ की ओळ तुटल्याची, हे कळत नाही. साक्षीपुराव्यात आपोआप शब्द तोडण्याची सोय बंदच ठेवावी, असे मी लेखी दिले आणि ते आता पाळले जाते. दुसरी तक्रार जुन्या फॉन्टची : श्रीलिपीतील मजकूर युनिकोडमध्ये नेताना काही पानांवर रेघेच्या जागी भलतेच चिन्ह उमटले होते. ते त्यांनी कोणतेही पैसे न घेता हाताने दुरुस्त करून दिले.

लवादाच्या ध्वनिमुद्रणाचे काम मला सर्वांत आवडले. तिथे साक्षीदार मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात, आणि लवादाला पुरावा कायद्याची व दिवाणी प्रक्रिया संहितेची बांधिलकी नसल्यामुळे शब्दांकन कसे असावे हे पक्षकारांनी आपसांत ठरवायचे असते. आम्ही ठरवले ते इतकेच, की आखूड रेघ फक्त शब्द जोडण्यासाठी वापरावी, आणि बोलणे मध्येच तुटले, कोणी अडवले किंवा साक्षीदाराने स्वतःच वाक्य सोडून दुसरे धरले, तर लांब रेघ द्यावी. व्याकरणात या दोन चिन्हांना संयोगचिन्ह आणि अपसरणचिन्ह अशी वेगळी नावे आहेत; टंकलेखनात मात्र दोन्हींसाठी एकच कळ दाबली जाते आणि मग ‘मी सही केली-नाही मी फक्त वाचले’ अशी वाक्ये जन्माला येतात, ज्यांत सही केली की नाही हेच कळत नाही. या केंद्राने ते वाक्य ‘मी सही केली — नाही, मी फक्त वाचले’ असे दिले आणि पानाच्या समासात ध्वनिफितीची मिनिटे आणि सेकंदही नोंदवले. अडखळलेले अक्षर, जसे ‘न-नाही’, त्यांनी आखूड रेघेने दाखवले. नाव अक्षर-अक्षर सांगितले गेले तिथेही आखूडच रेघ आली. कार्पेट एरिया हे २०१६ च्या रेरा कायद्यात दोन सुटे शब्द आहेत म्हणून देवनागरीतही सुटे ठेवले, तर बिल्ट-अप रेघेसह ठेवले. सोसायटीच्या नावाची चूक सोडली तर त्यात मला खुसपट काढता आले नाही, आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलांनाही नाही, जे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ आहे.

दर मध्यम आहे. मराठी पुनर्टंकनाला माझ्याकडून पानामागे चाळीस रुपये घेतले आणि ध्वनिमुद्रणाचे मिनिटावर वेगळे. नाक्यावर याहून स्वस्तात काम होते, पण तिथे शंकांचा पिवळा कागद मिळत नाही, आणि माझ्या लेखी वरचे दहा रुपये त्या कागदाचे आहेत. वेळेच्या बाबतीत ते सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा देतात, हे धरूनच चालावे. दुपारी दीड ते अडीच खोली बंद असते आणि त्या वेळेत फोनही उचलला जात नाही. गोपनीयतेची काळजी ठीक आहे : पेनड्राइव्ह सही घेऊन परत करतात आणि काम संपल्यावर फाइल आपल्यासमोर पुसतात. बसायला जागा नाही म्हणावी इतकी कमी आहे, आणि पावसाळ्यात बाहेरच्या बाकावर कागद घेऊन बसणे धोक्याचे आहे.

इंग्रजी काम देणाऱ्याने सोबत आपली शब्दसूची द्यावी : कोणते शब्द रेघेसह, कोणते सुटे, कोणते एकजीव, आणि कोणत्या शब्दांत रेघ गळाली तर अर्थच पालटतो. मी दुसऱ्या खंडापासून अशी दीड पानी सूची देते आणि तेव्हापासून चुका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. शब्दतपासनीसही आता ब्रिटिश इंग्रजीवर आहे.

लवादाच्या तिसऱ्या सुनावणीचे शब्दांकन सध्या त्यांच्याकडेच आहे. काल पिवळा कागद आला, त्यात अकरा शंका आहेत. दहांची उत्तरे मी तिथेच उभ्याने दिली. अकरावीत साक्षीदार ‘अध्यक्ष सचिवांच्या सहीने’ असे म्हणतो, आणि त्यात सही एकाची होती की दोघांची, हे ठरवायला मला ती ध्वनिफीत पुन्हा ऐकावी लागणार आहे.